महासंगणकावर पॅराव्ह्यू : अडले ते बोगद्यापाशी

महासंगणकावर पॅराव्ह्यू हे डेटाची चित्रे काढणारे सॉफ्टवेअर चालवणे फार अवघड आहे, असे मला अनेकांनी बजावले होते. आता माझे मत असे आहे की पॅराव्ह्यू अवघड नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मिळवणे अवघड आहे. आणि ज्या संगणन केंद्रात मी हे काम केले, तेथील मदतकक्षावरचा माझा राग अजून पुरता ओसरलेला नाही.

प्रक्षुब्ध प्रवाहाच्या सिम्युलेशनमधून आलेली प्रत्येक दिशेला २०४८ बिंदूंची ग्रिड (त्रिमितीय जाळी) मला पाहायची होती. एकूण बिंदू सुमारे ८५९ कोटी. प्रत्येक बिंदूला चार बाइट धरले, तरी एका क्षणाची एकच राशी ३४ जीबीच्या पुढे जाते. पॅराव्ह्यू बनले आहे ते अशाच कामासाठी. किटवेअर आणि लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी २००० साली सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर डेटाचे तुकडे एकाच वेळी चालणाऱ्या आपल्याच अनेक प्रतींना, म्हणजे प्रोसेसना, वाटून देते. प्रत्येक प्रोसेस आपापल्या तुकड्याचे चित्र काढते आणि आइस-टी ही लायब्ररी, कोणता भाग पुढे व कोणता मागे हे पाहून, त्या सर्वांतून एक चित्र जुळवते. डेटा महासंगणकावरच राहतो, आपल्या पडद्यावर येते ते फक्त चित्र. सॉफ्टवेअर केंद्राच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे आधीच बसवलेल्या संचात, तयार होते, रांगेत टाकायची स्क्रिप्ट नमुन्यावरून जमली, आणि यथावकाश लॉगमध्ये 'क्लायंटची वाट पाहत आहे' अशा अर्थाची ओळ उमटली. (क्लायंट म्हणजे माझ्या संगणकावरचा पॅराव्ह्यू, सर्व्हर म्हणजे महासंगणकावरचा.)

ती ओळ मी पुढे इतक्या वेळा पाहिली की तिचाच संताप येऊ लागला. सर्व्हर ज्या कम्प्यूट नोडवर (महासंगणकातल्या गणन करणाऱ्या यंत्रावर) चालू होतो, तो बाहेरच्या जगाला दिसत नाही. मधे लॉगिन नोड, म्हणजे वापरकर्ते जिथून आत शिरतात ते यंत्र, असतो आणि त्याच्यापुढे बाहेरच्या जोडण्या अडवणारी फायरवॉल. त्यामुळे एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या आतून दुसरी जोडणी नेणारी वाट, म्हणजे बोगदा, काढावा लागतो. एक मार्ग उलट्या जोडणीचा, म्हणजे सर्व्हरनेच क्लायंटला हाक मारायची. परंतु एसएसएचच्या मूळ मांडणीत उलट्या बोगद्याचे लॉगिन नोडवरचे तोंड फक्त त्या नोडपुरतेच उघडते. कम्प्यूट नोडला ते दिसावे, तर प्रशासकाला एसएसएच सर्व्हरची एक सेटिंग बदलावी लागते. सुरक्षेच्या कारणास्तव ती बदलणार नाही, असे मला कळवण्यात आले, आणि ते कारण मला मान्यही होते. दुसरा मार्ग सरळ बोगद्याचा : आपल्या संगणकाचे १११११ हे पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) लॉगिन नोडमार्गे कम्प्यूट नोडच्या त्याच पोर्टला जोडायचे. त्या लॉगिन नोडवर मात्र पोर्ट पुढे पाठवणेच बंद होते, आणि ते उघडून घेण्यासाठी एक फॉर्म होता.

त्या फॉर्ममध्ये कम्प्यूट नोडचे नाव आगाऊ भरणे सक्तीचे होते. रांगेतून जॉब (रांगेत टाकलेले काम) सुटेपर्यंत नोड कोणता मिळेल हे रांग चालवणाऱ्या शेड्यूलरशिवाय कोणालाही ठाऊक नसते, आणि जॉब सुटल्यावर फॉर्म भरावा, तर मंजुरी येईपर्यंत दिलेला वेळ संपून जॉब मारला जातो. ही अडचण मी सविस्तर लिहून पाठवली; उत्तरात तोच फॉर्म पुन्हा आला, वर 'कृपया सर्व रकाने भरावेत' अशी सूचना. मी रकान्यात 'शेड्यूलर ठरवेल तो' असे लिहिले, तेव्हा अर्ज अपूर्ण म्हणून बंद करण्यात आला. दरम्यान माझे जॉब सुरू होत, क्लायंटची वाट पाहत आणि संपत; माझ्या वाट्याचे गणनतास एकही चित्र न काढता खर्ची पडत होते.

सुटका झाली ती मदतकक्षातल्याच दुसऱ्या व्यक्तीने एका ओळीत दिलेल्या उत्तराने : व्हिज्युअलायझेशनसाठी वेगळा लॉगिन नोड आहे आणि तेथे सरळ बोगदा चालतो. फॉर्मची गरजच नव्हती! केंद्राच्या माहितीपुस्तिकेत या नोडचा उल्लेख तेव्हा नव्हता आणि अजूनही नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की 'पोर्ट उघडा' अशी मागणी करू नये. 'तुमच्याकडे पॅराव्ह्यू वापरणारे लोक कोणत्या नोडमार्गे जोडतात' असे विचारावे.

जोडणी मिळाल्यानंतर समपृष्ठे (समान मूल्याच्या बिंदूंतून जाणारे पृष्ठभाग) पडद्यावर फिरवताना झालेला आनंद मोठा होता, पण तो टिकवायचा तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. क्लायंट आणि सर्व्हर यांची आवृत्ती एकच हवी, नाहीतर जोडणी सुरुवातीलाच नाकारली जाते. नेहमीच्या मांडणीत क्लायंट तुटला की सर्व्हरही बंद होतो, म्हणून नेटवर्कचा भरवसा नसेल तर स्टेट फाइल (केलेल्या मांडणीची नोंद) वारंवार जतन करावी. सुव्यवस्थित ग्रिडसाठी प्रोसेसरच्या दर कोअरमागे ५० लाख ते १ कोटी सेल (जाळीची घरे) असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. त्याप्रमाणे मला ८५० हून अधिक कोअर मागावे लागले असते आणि रांग लांबली असती, म्हणून मी निम्म्यावर भागवले. अशा ग्रिडवर क्लिप (काप घेणे) किंवा थ्रेशोल्ड (मूल्यानुसार भाग निवडणे) लावण्यापूर्वी मात्र मेमरी पाहावी, कारण त्यातून निघणारा डेटा अव्यवस्थित स्वरूपाचा (प्रत्येक सेलची जागा वेगळी नोंदवावी लागणारा) असतो आणि मूळ फाइलच्या कितीतरी पट फुगतो. तुकड्यांच्या सीमेवर पृष्ठभागात फटी दिसल्या, तर घोस्ट सेल (शेजारच्या तुकड्यातल्या सीमेलगतच्या सेलच्या प्रती) तयार करून घ्यावेत. आणि आधी सर्व्हरवरचा पोर्ट तपासावा : नोड इतरांबरोबर वाटून घेतलेला असेल, तर १११११ दुसऱ्या कोणी आधीच धरलेला असू शकतो.

एवढे होऊनही हल्ली मी बोगदा क्वचितच काढते. दृश्याचा कोन आणि समपृष्ठाचे मूल्य एकदा लहान नमुन्यावर ठरवले की पायथन स्क्रिप्ट पीव्हीबॅचला, म्हणजे पॅराव्ह्यूच्या स्क्रिप्टवर आपोआप चालणाऱ्या रूपाला, देऊन बाकीच्या सर्व क्षणांची चित्रे रात्रीच्या रांगेत काढून घेता येतात. पीव्हीबॅचला क्लायंट लागत नाही, पोर्ट लागत नाही आणि मदतकक्षही लागत नाही.