चाळीस टक्के आवाज

कानात शिट्टी वाजायला लागली ती गणपतीच्या दिवसांत, त्यामुळे सुरुवातीला मी ती ढोल-ताशाच्या नावावर खपवली. विसर्जन झालं, मांडव उतरले, गल्ली शांत झाली. शिट्टी काही जाईना. रात्री उशीवर डोकं टेकलं की डाव्या कानात कुणीतरी लांब कुठेतरी कुकर लावून विसरलंय असं वाटायचं.

कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री करायला पाठवलं. एका बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि बारीकसा ‘टूं’ ऐकू आला की बटण दाबायचं. ऐकू आला की आल्यासारखा वाटला, हे दहाव्या मिनिटाला कळेनासं होतं. आलेख हातात आला तेव्हा रेघ बऱ्यापैकी सरळ होती, फक्त ४००० हर्ट्झपाशी खड्डा. “हा मोठ्या आवाजाचा खड्डा,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “ट्रेनमध्ये गाणी ऐकता का?”

ऐकतो का? मुलुंड ते सीएसएमटी, जाऊन-येऊन दोन तास, बावीस वर्षं. लोकलच्या खडखडाटावर गाणं चढवायचं तर आवाज शेवटच्या दांडीपर्यंत न्यावाच लागतो, आणि त्यात माझी आवड हेवी मेटल. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. ट्रेनमध्ये इअरफोन बंद. घरी कानावर बसणारा हेडफोन, आवाज साठ टक्क्यांच्या आत, सलग तासाभराच्या वर नाही. मी घाबरून थेट चाळीसवर आलो.

चाळीस टक्क्यांवर मेटल म्हणजे बिनतर्रीची मिसळ. दोन रात्री प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग अॅपवर ‘शांत’ म्हणून जे काही मिळतं ते लावलं. पाऊस, पियानो, पुन्हा पाऊस. लिफ्टमध्ये अडकल्यासारखं वाटायला लागलं. मला काहीतरी घडणारं हवं होतं, फक्त ओरडणारं नको.

ऑफिसात आमचे एक सीनियर आहेत, रिटायरमेंटला आलेले. तरुणपणी त्यांची जेवणाची सुट्टी काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जायची. विकत घेण्याआधी तिथे बूथमध्ये उभं राहून ऐकता यायचं. दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा ते दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. त्यांना माझी अडचण सांगितली. त्यांनी जुन्या क्लेम फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीने नऊ नावं लिहून दिली आणि बजावलं, “पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक. मधलं गाणं उचलायचं नाही.”

पहिलंच नाव किंग क्रिम्सन, इंग्लंडचा रॉक बँड. १९६९ चा त्यांचा पहिला अल्बम. रात्री सव्वाअकरा, आई नि बायको झोपलेल्या, मी स्वयंपाकघरात स्टुलावर. प्ले दाबलं आणि गिटार न् सॅक्सोफोन असे काही किंचाळत अंगावर आले की मी हेडफोन ओट्यावर फेकला. मऊ संगीत मागितलं होतं मी! दुसऱ्या दिवशी तणतणत गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, “दुसरं गाणं येईपर्यंत थांबायचं ना.” रात्री थांबलो. पहिल्या गाण्याचा गोंधळ संपतो न संपतो तोच बासरी सुरू होते. वादळानंतर कुणी खिडकी उघडावी तशी. पहिलं ऐकलं नसतं तर ती बासरी नुसतीच गोड वाटली असती. मधलं गाणं का उचलायचं नाही, ते तिथे थोडं कळलं. थोडंच, पुढे पुन्हा शेण खाल्लंच.

याच अल्बमात मेलोट्रॉन पहिल्यांदा नीट ऐकला. हे वाद्य पेटीच्या माणसाला समजायला सोपं आहे. पेटीसारख्याच पट्ट्या, पण प्रत्येक पट्टीखाली एक ध्वनिफीत, आणि तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा कोरसचा तेवढा एकच सूर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते, सोडली की स्प्रिंगने मागे येते. फीत पुरते जेमतेम आठ सेकंद. बोट ठेवून बसलात तर सूर मध्येच तुटतो. त्यामुळे वाजवणाऱ्याला आठ सेकंदांच्या आत हात उचलून दुसऱ्या सुरावर जावंच लागतं, आणि फितीच्या चालण्यात किंचित डगमग असल्याने सगळा वाद्यमेळ पाण्याखालून आल्यासारखा हलतो. या सगळ्या अल्बमांना जो स्वप्नातला रंग आहे, त्यातला बराचसा या डगमगीचा आहे असं मला वाटतं. चाळीस टक्क्यांवर ती जास्त नीट दिसते. हो, दिसतेच म्हणतो मी.

दुसरं नाव कॅमल, हाही रॉक बँडच; अल्बम ‘द स्नो गूज’, १९७५. शब्द नाहीत, नुसतं वादन. मला अजिबात पोचेना. एक धून दोनदा येते, मध्येच युद्धासारखं काहीतरी, मग एकदम पहाट. तीन रात्री मी ‘अॅब्स्ट्रॅक्ट आहे’ अशी स्वतःची समजूत घालत होतो. चौथ्या रात्री खाली लक्ष गेलं: शफल चालू. मेटलच्या दिवसांतली सवय. एका सलग गोष्टीचे सोळा तुकडे मी तीन रात्री पत्त्यांसारखे पिसून ऐकत होतो! सीनियरना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

शफल काढल्यावर गोष्ट उलगडली. पॉल गॅलिकोच्या १९४१ च्या छोट्या कथेवर बेतलेलं संगीत आहे. इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावरची दलदल, तिथल्या दीपगृहात एकटा राहणारा चित्रकार, जखमी हंसिणीला घेऊन येणारी मुलगी, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धातलं डंकर्क. अल्बम दलदलीतून सुरू होतो आणि दलदलीतच संपतो. पहिल्या नि शेवटच्या तुकड्याचं नावही एकच. मी मुलुंड पूर्वेला राहतो. गच्चीवरून मिठागरं दिसतात, त्यापलीकडे खारफुटी आणि ठाण्याची खाडी. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. एका रविवारी पहाटे हेडफोन घेऊन वर गेलो. त्या दिवशी पक्षी एकही दिसला नाही, हवा धुरकट, खाडीचा वास. तरी तो पहिला तुकडा मी तिथेच सलग तीनदा ऐकला.

डॉक्टरांची तासाची मर्यादा मला आधी जाचक वाटली होती. नंतर लक्षात आलं की हे अल्बम तिच्यात बरोबर मावतात. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं, दोन्ही मिळून चाळीस-पंचेचाळीस. यादीतला कॅरॅव्हॅन हा इंग्लंडमधल्या कॅन्टरबरीचा बँड. १९७१ च्या त्यांच्या ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’ची दुसरी बाजू एकाच पावणेतेवीस मिनिटांच्या रचनेने भरली आहे. तबकडीची बाजू संपते म्हणून रचना संपते. ही बाजू हातात धरून बघावी म्हणून एकदा सँडहर्स्ट रोडला उतरून चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला गेलो. कॅरॅव्हॅन अर्थात नव्हताच. पिंक फ्लॉइडचं एक कव्हर मिळालं, भाव करून घरी आणलं, तर आत वगनाट्याची रेकॉर्ड. माझ्याकडे प्लेअर नाही, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं.

यादीत लोकसंगीताकडे झुकणारे दोघं होते. निक ड्रेकचा ‘पिंक मून’, १९७२: आवाज आणि गिटार, एकाच गाण्यात थोडा पियानो, अठ्ठावीस मिनिटांत खेळ खलास. दोनच वर्षांत तो गेला, सव्वीस वर्षांचा. जिवंतपणी त्याच्या रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत. लोक याला उदास म्हणतात. मला ती गिटार मुळीच उदास वाटली नाही. तारा त्याने स्वतःच्या पद्धतीने जुळवलेल्या असतात, त्यामुळे खुल्या तारा मागे घुमत राहतात आणि अंगठा खाली बारीक चालत असतो. आवाज मोठा केला तर हा अंगठा हरवतो.

दुसरी व्हॅश्टी बनियन. घोडागाडीतून लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघालेली, वाटेत गाणी रचत गेलेली. १९७० चा तिचा अल्बम कुणी घेतला नाही, तिने गाणं सोडलं. २००० साली तो पुन्हा निघाला, लोकांना सापडला, आणि २००५ मध्ये, पस्तीस वर्षांनी, तिचा दुसरा आला. बायकोला ऐकवलं. ती दोन गाणी ऐकून म्हणाली, “ही कुणी जागं होऊ नये म्हणून गातेय.” एवढं नेमकं मला सुचलं नसतं.

या सगळ्यात माझा खरा शत्रू होता फ्रिज. पंखा कानाला सवयीचा होतो; फ्रिजचा कॉम्प्रेसर मात्र नेमका शांत जागी घुरघुरायला लागतो. पोपोल वूच्या ‘होसियाना मंत्र’च्या रात्री मी सरळ त्याचं बटण बंद केलं. १९७२ चा जर्मन अल्बम. या बँडच्या फ्लोरियान फ्रिकेने आधी मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, वाजवला आणि मग तो बाजूला सारून तो पियानोकडे वळला. यात ढोलकं कसलंच नाही. पियानो, ओबो हे सनईसारखं वाद्य, लांब ओढलेली गिटार, जोंग युन या कोरियन गायिकेचा आवाज, आणि खाली तंबोरा.

आई पाणी प्यायला उठली. तिला झोप कमी. माझ्याकडे बघत उभी राहिली, मग हेडफोनची एक वाटी ओढून स्वतःच्या कानाला लावली.

“तंबोरा आहे,” ती म्हणाली.

“जर्मन लोकांचं आहे, आई.”

“तंबोरा जर्मन नाही.”

तिच्या माहेरी, गिरगावात, मिरजेहून आणलेला तंबोरा होता. लग्नाआधी ती सहा वर्षं गाणं शिकली. लग्नानंतर तंबोरा मामाकडे राहिला आणि पुढे कुणाकडे गेला ते मी कधी विचारलं नाही. तिने माझ्याकडून हेडफोन पूर्णच काढून घेतला, स्टूल ओढलं आणि डोळे मिटून बसली. मी सिंकला टेकून उभा. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त तिची उजव्या हाताची बोटं मांडीवर चालताना दिसत होती, मधल्या बोटाने एकदा, मग पहिल्या बोटाने तीनदा. अल्बम संपेपर्यंत. मग म्हणाली, “मुलगी चांगली गाते. घाई नाही तिला.” आणि झोपायला गेली.

मीही गेलो. फ्रिज बंदच. सकाळी दोन लिटर दूध फाटलं, मटार पाणावले, इडलीचं पीठ फसफसून डब्याबाहेर. बायको काय म्हणाली ते लिहीत नाही.

यादीतलं सगळंच पटलं असं नाही. माइक ओल्डफील्डचा ‘ट्यूब्युलर बेल्स’ मला अजूनही वाद्यांचं प्रदर्शन वाटतो. जेनेसिस या बँडच्या अल्बमात पहिल्या पाच मिनिटांना जीव टाकावा आणि पुढच्या पाचात घड्याळ बघावं असं होतं. नववं नाव, रॉबर्ट वायटचा ‘रॉक बॉटम’, अजून शिल्लक आहे.

सहा महिन्यांनी पुन्हा त्या बंद खोलीत बसलो. खड्डा तिथेच होता, वाढला नव्हता. शिट्टीही आहे. मॅडमनी रोज किती ऐकता विचारलं, मी वही दाखवली: तारीख, अल्बम, मिनिटं. त्यांनी एक नाव स्वतःसाठी उतरवून घेतलं, कुठलं ते मला दिसलं नाही.

आता अकराच्या सुमारास आई येऊन विचारते, “आज ते जर्मन का?” हेडफोन दोन झाले आहेत. फ्रिजच्या दारावर बायकोच्या अक्षरात चिठ्ठी आहे: बटणाला हात लावायचा नाही.