चाळीस टक्क्यांचा रकाना : माझा अनुभव

मुलाला परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक (त्याने सांगितलेली उत्तरे लिहून देणारी व्यक्ती) मिळावा, म्हणून दिलेल्या आमच्या अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातील कारकुनांनी पेन्सिलीने ‘४० पेक्षा कमी’ असे लिहिले; पुढे तो अर्ज परत मिळाला. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्या शेऱ्यापायी आमचे जवळपास तीन महिने गेले, आणि मुलाच्या पहिल्या सत्राच्या परीक्षेला तीन दिवस उरले असताना परवानगीचे पत्र हाती पडले. ज्यांची मुले यंदा बारावी संपवून महाविद्यालयात जाणार आहेत, त्या पालकांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या मुलाला विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्याचा वाचनाचा वेग कमी आहे आणि लिहिणे त्याहून अवघड जाते; अक्षरे सुटतात, ओळ खाली सरकते आणि एक पान पूर्ण होईपर्यंत तो घामाघूम होतो. गोवा मुक्तिसंग्रामाविषयी तोंडी विचारले, तर तो अर्धा तास सुसंगत बोलतो. तेच दहा ओळींत लिहायला सांगितले, की दुसऱ्या ओळीत अडतो. मी स्वतः गोव्यातील सत्तरी तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि तरीही तो सहावीत जाईपर्यंत मी त्याला आळशी समजत होते, याचे दुःख मला आजही आहे.

दहावीला आणि बारावीला त्याला वाढीव वेळ व लेखनिक मिळाला. सर्व कागदपत्रे शाळेतील विशेष शिक्षिकेने केली आणि आम्ही तिने दाखवले तेथे सह्या केल्या. महाविद्यालयात मात्र अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याने स्वतःच्या सहीने मागणी केल्याशिवाय त्याच्या नावाची फाइलच उघडत नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

प्रमाणपत्राचे काम सुदैवाने वेळेत झाले होते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या चौदाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने घ्यावे लागत असे, आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर चालणारे होते. मुलगा मे महिन्यात अठरा वर्षांचा झाला आणि त्याच सुट्टीत शासकीय इस्पितळात दोन फेऱ्या करून आम्ही नवे प्रमाणपत्र घेतले. टक्केवारीच्या रकान्यात चाळिसाहून कमी आकडा होता, म्हणून दिव्यांगत्वाचे ओळखपत्र पांढऱ्या पट्टीचे आले. चाळीस ते ऐंशीच्या आतील आकड्याला पिवळी आणि त्यापुढे निळी पट्टी असते. मला तेव्हा आनंद झाला होता. मुलाची अडचण फार मोठी नाही, असे मी त्या आकड्याचे वाचन केले होते.

जुलैच्या मध्यावर अर्ज घेऊन आम्ही महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहिलो. कारकून सभ्य गृहस्थ होते. त्यांनी ओळखपत्र उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “बाई, सवलत चाळीसच्या वर असेल तरच मिळते. खाली असेल तर या कार्डाचा इथे काही उपयोग नाही.” त्यांनी इतक्या खात्रीने सांगितले, की मी घरी येऊन आठ दिवस त्यावर विश्वास ठेवला. नात्यातील एका गृहस्थांनी तर सुचवले, की दुसऱ्या ठिकाणी तपासणी करून टक्के थोडे वाढवून घ्यावेत, ओळखीने काम होईल. मी नकार दिला; पण खोटे बोलणार नाही, याव्यतिरिक्त माझ्यापाशी दुसरा मार्गही नव्हता. हे सगळे बोलणे मुलगा ऐकत होता. तो एवढेच म्हणाला, “आई, दहावीपासून तुम्ही सगळे माझे टक्के वाढवायलाच सांगता आहात.” त्या रात्री मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ पहिल्या कलमापासून वाचायला घेतला.

वाचल्यावर गोंधळ कोठे झाला होता ते समजले. या कायद्यात दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत. एक ‘दिव्यांग व्यक्ती’ची, जिच्यात टक्केवारीची अट नाही, आणि दुसरी ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असलेल्या व्यक्तीची, जिच्यासाठी किमान चाळीस टक्के लागतात. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान पाच टक्के राखीव जागा आणि वयोमर्यादेतील पाच वर्षांची सूट कलम ३२ मध्ये आहे, आणि ती दुसऱ्या गटासाठी आहे. परीक्षेतील वाढीव वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख मात्र कलम १७ मध्ये आहे, आणि तेथे ‘दिव्यांग विद्यार्थी’ एवढेच म्हटले आहे. प्रवेशाच्या वेळी राखीव जागांसाठी पाहिलेला चाळीसचा आकडा कार्यालयाने परीक्षेलाही लावला होता. आम्ही राखीव जागा मागितलीच नव्हती; मुलगा खुल्या गटातून, स्वतःच्या गुणांवर दाखल झाला होता.

याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात निकाल दिला आहे. लिहिताना हाताला त्रास होणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारण्यात आला होता, आणि लक्षणीय दिव्यांगत्वाची अट लेखनिकाच्या सोयीला लावता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने १० ऑगस्ट २०२२ रोजी चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. ही तारीख मी लिहून ठेवली. खिडकीपाशी कायद्याचे नाव घेतल्यास कोणी विशेष लक्ष देत नाही. परिपत्रकाची तारीख सांगितली, की समोरची व्यक्ती निदान कागद हातात घेते.

हे सर्व छापून मी दुसऱ्यांदा गेले. कारकुनांनी ते शांतपणे वाचले आणि म्हणाले, की हे नोकरभरतीच्या परीक्षांसाठी असेल, महाविद्यालयासाठी वेगळे परिपत्रक लागेल. तिसऱ्या फेरीला अर्ज ‘वर पाठवला आहे’ असे उत्तर मिळाले. चौथ्या फेरीला वरचे अधिकारी बैठकीला गेले होते. मग गणेश चवथीची सुट्टी लागली. आमच्या घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली जात असताना, नातेवाईक येत-जात असताना, माझ्या डोक्यात फक्त तो अर्ज होता. सुट्टीनंतर समजले, की अर्ज वर गेलाच नव्हता; तो त्याच खिडकीमागे, त्याच टेबलावर, पेन्सिलीच्या शेऱ्यासह पडून होता.

दरम्यान सत्रांतर्गत चाचणी होऊन गेली. वाढीव वेळ नाही, लेखनिक नाही. पाचपैकी दोन प्रश्न लिहून होईपर्यंत घंटा झाली. उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने वाळपईला परतताना कदंब बसमध्ये मला अस्खलित सांगितली आणि मग घर येईपर्यंत तो काही बोलला नाही. त्या चाचणीचे गुण परत मिळाले नाहीत. माझा राग मुख्यतः त्या एका चाचणीसाठी आहे.

येथेच एक गोष्ट सांगते, जी खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. पहिल्या दिवशी मी अर्जाची एकच प्रत दिली आणि आवक क्रमांक घेतला नाही. त्यामुळे ‘अर्ज कधी दिला होता?’ या प्रश्नाला माझ्याकडे माझ्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता. दोन प्रती न्याव्यात, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा, आणि तो मिळेपर्यंत खिडकी सोडू नये.

चवथीनंतर मी नवा अर्ज दिला, शिक्का घेतला आणि शेवटी एक वाक्य घातले: ‘सदर सुविधा नाकारावयाची असल्यास, ती कोणत्या नियमान्वये नाकारली, ते लेखी कळवावे.’ इतक्या फेऱ्यांत जे झाले नव्हते ते या वाक्याने चार दिवसांत झाले. पेन्सिलीने शेरा लिहिणे सोपे असते. नियमाचा क्रमांक घालून शाईने नकार लिहायला कोणी तयार होत नाही. आम्हाला प्राचार्यांनी भेटीला बोलावले.

त्या भेटीत मी फाइल उघडून बोलायला सुरुवात केली, तेव्हा प्राचार्यांनी हात करून मला थांबवले आणि मुलाला विचारले, “तुला नेमके काय होते ते तू सांग.” मला क्षणभर त्यांचा राग आला. मुलाने मात्र सांगितले: प्रश्न वाचायला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो, उत्तर माहीत असते, पण वाक्य लिहून होईपर्यंत पुढचे वाक्य निसटते, आणि बोलून दाखवले तर निसटत नाही. मी इतकी वर्षे त्याच्या वतीने जे समजावत आले होते ते त्याने दोन मिनिटांत सांगितले. तो मोठा झाला आहे हे मला त्या खोलीत कळले. आपल्या मुलांकडून हे बोलणे घरी आधी करून घ्यावे. महाविद्यालयात, आणि पुढे नोकरीच्या ठिकाणी, ते त्यांनाच बोलावे लागणार आहे.

परवानगी तत्त्वतः मिळाली, पण २०२२ च्या सूचनांसोबत जोडलेल्या नमुन्यात आणखी एक वैद्यकीय दाखला मागितला गेला. परीक्षार्थीला लिहिण्यास मर्यादा आहे आणि लेखनिक आवश्यक आहे, असे शासकीय इस्पितळातील वैद्यकीय प्राधिकाऱ्यांनी त्यात लिहून द्यायचे असते. म्हणजे आयुष्यभर चालणारे प्रमाणपत्र हाती असूनही हा दाखला वेगळा लागतो, आणि तो जास्तीत जास्त सहा महिनेच वैध असतो. मुलाची अध्ययन अक्षमता सहा महिन्यांनी जाणार नाही, हे सर्वांना माहीत आहे. तरीही दर सत्राला तीच रांग लावावी लागते. या अटीचा फेरविचार व्हावा, असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत पालकांनी दाखल्याची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावी. आमचा दाखला सप्टेंबरच्या अखेरीस मिळाला, त्यामुळे एप्रिलमधील दुसऱ्या सत्राच्या परीक्षेपूर्वीच तो संपणार होता.

पत्र आले ते ‘विशेष बाब म्हणून’ या शब्दांनी सुरू होत होते. मला ते शब्द खटकले, कारण कायद्याने दिलेली गोष्ट कृपा म्हणून स्वीकारली, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाला ती पुन्हा कृपा म्हणून मागावी लागते. मी तसे लेखी कळवले. परीक्षा तीन दिवसांवर आल्यामुळे अधिक ताणले नाही.

लेखनिकाविषयी लवकर विचार करावा. स्वतः लेखनिक आणल्यास त्याची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी, असा २०२२ च्या सूचनांतील नियम होता, आणि आमच्या महाविद्यालयाने त्याचा अर्थ बारावीचा किंवा त्याखालील विद्यार्थी असा लावला. ऑक्टोबरमध्ये बारावीच्या मुलांच्या स्वतःच्या परीक्षा असतात. शेजारच्या वाड्यावरील अकरावीची मुलगी तयार झाली, पण एका पेपरच्या दिवशी तिला ताप आला आणि दुसरी शोधताना आमची धावपळ झाली. आणीबाणीत लेखनिक बदलता येतो आणि वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळे लेखनिक घेता येतात. म्हणून अर्जातच दोन नावे द्यावीत. लेखनिकाला मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट लिहिता येते का, हे पाहावे, आणि परीक्षेपूर्वी दोघांना निदान दोनदा बसवून सराव करून घ्यावा. सांगून लिहून घेणे हेही शिकावे लागते. विरामचिन्ह कोठे, परिच्छेद कोठे, हे मुलाला तोंडाने सांगण्याची सवय नसते.

वेळेचा हिशेब तासाला किमान वीस मिनिटे असा आहे, म्हणजे दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटे. पहिल्या पेपरला दोन तास होताच पर्यवेक्षक उत्तरपत्रिका घ्यायला आले, कारण त्यांच्यापर्यंत पत्राची प्रत पोहोचलीच नव्हती. दुसऱ्या पेपरपासून मुलगा प्रत खिशात ठेवू लागला. स्वतंत्र खोलीही अर्जातच मागावी. इतरांमध्ये बसून उत्तरे मोठ्याने सांगता येत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सत्रांतर्गत चाचण्यांसाठीही हीच सोय लेखी मागावी आणि प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांना पत्राची प्रत द्यावी. आमच्या हातून हे राहिले, आणि त्याची किंमत मुलाने दिली.

वर्गातील अभ्यासाबद्दल तक्रारीचे कारण नाही. बहुतेक प्राध्यापकांनी व्याख्यान मोबाइलवर ध्वनिमुद्रित करू दिले. ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचण्यास अडचण असलेल्यांसाठी पुस्तके उपलब्ध असतात, आणि त्याच्या सदस्यत्वासाठी हेच दिव्यांगत्वाचे कागद उपयोगी पडतात.

मार्चमध्ये नव्या दाखल्यासाठी मी रजा टाकणार होते. मुलगा म्हणाला, “तू शाळा बुडवू नकोस.” तो एकटा इस्पितळात गेला, दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात अर्ज दिला आणि संध्याकाळी शिक्का मारलेली प्रत माझ्यासमोर ठेवली. आवक क्रमांक होता. लेखनिकांची नावे दोन होती. अर्जात कलम १७ चा उल्लेख त्याने स्वतःच्या अक्षरात केला होता. सतराचा आकडा थोडा ओळीखाली सरकला होता, पण स्पष्ट वाचता येत होता.