चौथ्या फेरीनंतरचा एक मिनिट

व्यावसायिक मुष्टियुद्धात मी ‘कटमन’ आहे. लढतीपूर्वी हातांना पट्ट्या बांधणे आणि दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात चेहऱ्यावरची सूज व रक्त आवरणे, एवढेच माझे काम. कोणता ठोसा मारायचा हे मी सांगत नाही आणि मला कोणी विचारतही नाही. त्या रात्री मात्र मला जे सांगितले गेले, ते अजून मनातून जात नाही.

लढणारा मुलगा हौशी मुष्टियुद्धातला पदकविजेता होता. अशा मुलाला व्यावसायिक रिंगणात उतरवताना आयोजकाचे लक्ष त्याच्या पदकापेक्षा त्याच्या पराभवांच्या रकान्यातल्या शून्यावर असते. ते शून्य जपण्यासाठी पहिल्या काही लढतींत असे प्रतिस्पर्धी शोधून आणतात, की त्यांनी थोडे लढावे, बरेच हरावे आणि पैसे घेऊन घरी जावे. या वेळचा प्रतिस्पर्धीही त्याच यादीतला होता. त्याच्या विजयांहून पराभव अधिक होते. जुळणी करणाऱ्याने ते आकडे वाचले, पण त्या पराभवांपैकी बहुतेक गुणांवरचे होते आणि या माणसाला सहसा कोणी खाली पाडलेले नव्हते, हे वाचायचे कष्ट घेतले नाहीत. आकडे वाचून जुळण्या करणाऱ्यांविषयी माझे मत चांगले नाही.

पट्ट्या बांधताना प्रतिपक्षाचा माणूस समोर उभा राहून पाहतो आणि अधिकारी त्यावर सही करतो. हौशी गटात हा मुलगा दहा औंसांचे हातमोजे घालून तीन फेऱ्या लढत असे. इथे त्याच्या वजनगटात मोजे आठ औंसांचे होते आणि फेऱ्या आठ. दोन औंस ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण तेवढे अस्तर कमी झाले की भुवईच्या हाडावरची कातडी लवकर फाटते. शिवाय हौशी गटात लढतीच्या दिवशी सकाळीच वजन होते, तर इथे ते आदल्या दिवशी होत असल्यामुळे प्रतिस्पर्धी रात्रभरात पाणी व अन्न घेऊन चांगलाच जड होऊन रिंगणात येतो. कालचा काट्यावरचा माणूस आणि आजचा समोरचा माणूस एकच असतो असे मानणे भोळेपणाचे आहे.

पहिल्या दोन फेऱ्या पाहण्यासारख्या झाल्या. डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मागोमाग सरळ उजवा आणि लगेच एक पाऊल बाहेर. ते बाहेरचे पाऊल हे हौशी शिक्षणाचे फळ होते. 1988 च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीत स्पष्ट वरचढ असूनही जजांनी हरवलेल्या अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरवर झालेल्या उघड अन्यायानंतर 1992 पासून ऑलिंपिकमध्ये बटणे दाबून गुण मोजण्याची पद्धत आली आणि वीसएक वर्षे ती टिकली. पाचपैकी तीन जजांनी जवळपास एकाच क्षणी बटण दाबले तरच ठोसा मोजला जाई. त्यामुळे डोक्यावर स्वच्छ, दिसेल असा ठोसा मारावा आणि बाजूला व्हावे हे शहाणपण झाले, तर पोटावरची मेहनत बहुधा फुकट जाई. पुढे ती पद्धत गेली, पण तिच्यात तयार झालेले प्रशिक्षक राहिले, आणि या मुलाला त्यांनीच घडवले होते.

तिसऱ्या फेरीत डोक्याला डोके लागले आणि त्याच्या डाव्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला जखम झाली. ही धडक अपघाती असल्याचे रेफरीने तिथल्या तिथे खुणेने जाहीर केले. त्या खुणेचे महत्त्व प्रेक्षकांना कळत नाही. बहुतेक ठिकाणी पाळल्या जाणाऱ्या नियमांनुसार ठोशाने झालेल्या जखमेमुळे लढत थांबली तर जखमी खेळाडू हरतो. जखम अपघाती धडकेची असेल आणि चार फेऱ्या पूर्ण होण्याआधी लढत थांबली, तर निकालच लागत नाही. चार फेऱ्या झाल्यानंतर थांबली, तर तोपर्यंतच्या गुणांवर जो पुढे असेल तो जिंकतो. म्हणजे चौथी फेरी संपेपर्यंत ती जखम बंद ठेवणे हे त्या क्षणापासून माझे काम झाले.

तो मिनिट प्रत्यक्षात मिनिटभराचा नसतो. दोरातून आत शिरणे, स्टूल ठेवणे आणि शेवटी बाहेर पडणे यात बरीच सेकंदे जातात. आधी कोरड्या स्वच्छ टॉवेलने रक्त टिपायचे, कारण ओल्या जखमेवर औषध वाहून जाते. मग रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या, एकास हजार प्रमाणातल्या अॅड्रेनालिनमध्ये भिजवलेला कापूस जखमेच्या तळाशी नेऊन तिथे हाडावर एकसारखा दाब द्यायचा. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच बोट उचलण्याचा मोह नवशिक्यांना होतो. तो आवरता आला पाहिजे. शेवटी जखमेत दाटून व्हॅसलीन भरायचे. पूर्वी काही जण लोहाचे एक जहाल द्रावण वापरत; त्याने रक्त थांबे खरे, पण कातडी जळे आणि ते डोळ्यात उतरले तर दृष्टीला धोका असे. त्याच्यावर बंदी आली हे फार बरे झाले. तिसऱ्या फेरीनंतर मी जखम बंद केली आणि चौथ्या फेरीच्या उत्तरार्धापर्यंत ती बंद राहिली. तिसऱ्या घंटेनंतर मुलाने स्टुलावर बसून जो लांब सुस्कारा सोडला, तो मात्र मला आवडला नाही. अजून पाच फेऱ्या शिल्लक असलेला माणूस असा श्वास सोडत नाही.

चौथी फेरी संपली. मी दाब देत असताना प्रशिक्षक माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “चार झाल्या, आपण पुढे आहोत. आता फार दाबू नकोस, वाहू दे.”

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. डॉक्टर पायऱ्यांवर उभा होता. डोळ्यात रक्त उतरताना दिसले असते तर त्याने लढत थांबवली असती, मुलगा गुणांवर जिंकला असता आणि शून्य शाबूत राहिले असते. पण ती जखम पापणीवर नव्हती, खोल असली तरी दृष्टीला धोका पोहोचवणारी नव्हती आणि हे मला ठाऊक होते. आवरता येणारे रक्त मुद्दाम वाहू देणे म्हणजे डॉक्टरला फसवणे. मी उत्तर दिले नाही, हातही काढला नाही. त्याच वेळी मुलाने हनुवटी वर करून भुवई माझ्याकडे वळवली. जखमेवर काम सुरू असताना खेळाडू सवयीने असे करतात. त्याने ते सवयीने केले की आमचे बोलणे ऐकून, हे त्याने मला कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. डॉक्टरने कोरडी जखम पाहिली आणि मान हलवली.

पुढच्या चार फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्याने बाहेर पडणारे ते पाऊल अडवले. तो जवळ राहून खांद्यावर कपाळ टेकवी आणि बरगड्यांखाली मारत राही. सहाव्या फेरीत यकृतावर बसलेल्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, मुलगा खाली बसला आणि आठच्या मोजणीला उठला. इथे त्या एका फेरीची किंमत 10-8 असते, म्हणजे पाडणाऱ्याला दहा आणि पडणाऱ्याला आठच गुण. अखेरीस दोन जजांनी 76-75 असे प्रतिस्पर्ध्याला आणि एकाने तेवढ्याच फरकाने आमच्या मुलाला विजयी ठरवले. चौथ्या फेरीअखेर तिघांच्याही कागदावर आमचा मुलगा पुढे होता.

आयोजकाने मला पुन्हा बोलावले नाही. मुलाच्या करारातली पराभवानंतर हात झटकण्याची सोयही त्याने वापरली. एका पराभवाने सगळे संपतेच असे नाही. युक्रेनचा वासिल लोमाचेंको 2008 आणि 2012 ची दोन ऑलिंपिक सुवर्णपदके घेऊन आला आणि मार्च 2014 मध्ये आपल्या दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत, वजनातही न बसलेल्या ऑर्लांडो सालिडोकडून, विभागलेल्या निर्णयाने, म्हणजे तीनपैकी दोन जजांच्या मताने, हरला. जूनमध्ये पुढच्याच लढतीत त्याने गॅरी रसेल ज्युनियरला हरवून डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचे फेदरवेट वजनगटातले विजेतेपद घेतले. पण लोमाचेंकोला ती पुढची लढत मिळाली. आमच्या मुलाला बराच काळ कोणी विचारले नाही आणि नंतर दुसऱ्याच्या कार्यक्रमात, दुसऱ्याच्या लाडक्या खेळाडूंसमोर लढावे लागले. प्रशिक्षकाचे म्हणणे असे, की हे सगळे माझ्या बोटांमुळे झाले. तत्त्व माझे होते आणि किंमत मुलाने दिली. या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग मला खोडता येत नाही. पहिल्या भागाला माझे उत्तर आहे: आठ फेऱ्यांचा दम आणि जवळून लढण्याची तयारी करून घेणे हे त्याचे काम होते आणि ते झालेले नव्हते.

मुलगा आता पोटावर मारतो आणि मिठीतून सुटण्याची घाई करत नाही. त्याच्या पुढच्या दहा फेऱ्यांच्या लढतीसाठी त्याने स्वतः मला बोलावले आहे. प्रशिक्षक तोच आहे. मी त्याला कळवले, की रक्त थांबवायचे की नाही यावर स्टुलाजवळ चर्चा होणार नाही. त्याने ही अट मान्य केलेली नाही, नाकारलेलीही नाही. पट्ट्यांसाठी कोणता गॉझ लागेल, एवढेच त्याने उलट विचारले आहे.