पोट सांभाळत धावलेले बेचाळीस किलोमीटर

धावणाऱ्यांच्या कुठल्याही गटात जा, गुडघे, पिंढऱ्या आणि बूट यांवर तासभर चर्चा रंगते. पोटाचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. मला आयबीएसचा, म्हणजे आतड्याचं काम बिघडून वारंवार कळा, गॅस आणि जुलाब होण्याचा, त्रास आहे आणि त्या त्रासासकट मी मुंबईची फुल मॅरेथॉन पुरी केली आहे. म्हणून इथे सगळं मोकळेपणाने लिहिते, जुलाब, गॅस, शौचाला लागणं हे शब्द न टाळता. याच कारणाने धावणं सोडायच्या विचारात असलेल्यांनी, विशेषतः बायकांनी, हे वाचावं अशी मनापासून इच्छा आहे.

माझा त्रास ठरलेला होता. दहा किलोमीटरपर्यंत काही नाही. पंधराच्या आसपास बेंबीखाली गुडगुड सुरू व्हायची, मग पोट टम्म फुगायचं आणि त्यानंतर अशी कळ यायची की दोन्ही हात पोटावर दाबून रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागायचं. ठाण्यात येऊरच्या चढावर पहाटे साडेपाचला अशी कळ आली की बाईमाणसाने जायचं कुठे? पुरुष झाडामागे जातात, विषय संपतो.

पोटाच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी नीट प्रश्न विचारले. शौचातून रक्त जातं का? वजन आपोआप उतरलंय का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? ताप येतो का? यातलं काहीही असेल तर आधी त्याचा छडा लावायचा, धावणं नंतर, असं त्यांनी बजावलं. माझी सगळी उत्तरं नाही होती. रक्त, शौच आणि गव्हातल्या प्रथिनामुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची, म्हणजे सिलिअ‍ॅकची तपासणीही स्वच्छ आली. आतड्याला जखम नाही, सूज नाही, पण त्याचं काम नीट चालत नाही, असं निदान झालं. मी विचारलं, "मग धावणं बंद करू का?" ते म्हणाले, "बंद कशाला? पायांना सराव देता ना, तसा पोटालाही द्या."

हे वाक्य मी धरून ठेवलं, कारण त्यामागे शास्त्र आहे. धावताना शरीर रक्त स्नायूंकडे आणि घाम काढण्यासाठी त्वचेकडे वळवतं. जोरात धावलं तर आतड्याचा रक्तपुरवठा नेहमीच्या पाव हिश्श्याच्याही खाली जाऊ शकतो. त्यात प्रत्येक पावलाला बसणारे हिसके, शरीरातलं कमी झालेलं पाणी आणि पहाटेची धाकधूक. अशा अर्धवट जाग्या आतड्यात दाट साखरेचं जेल (धावताना ताकदीसाठी घेतात ते) गेलं की ती साखर पचण्याऐवजी आतड्यात पाणी ओढून घेते. कळ आणि जुलाब तिथूनच सुरू होतात. म्हणून जेल नेहमी साध्या पाण्याबरोबर घ्यायचं, गोड एनर्जी ड्रिंकबरोबर कधीच नाही. नुसतं ग्लुकोज असेल तर आतडं तासाला साधारण 60 ग्रॅमच शोषू शकतं. फ्रुक्टोजची जोड दिली तर सरावाने 90पर्यंत जाता येतं, पण माझ्या पोटाला तो आकडा मानवला नाही आणि मी चाळीस-पंचेचाळीसवरच राहिले.

खरी लढाई स्वयंपाकघरात होती. आहारतज्ज्ञांनी मला काही आठवडे लो-फॉडमॅप आहार दिला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेली ही पद्धत. आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या शर्करा आधी बंद करायच्या आणि मग एकेक परत आणून बघायची. कागदावर सोपं आहे. पण बंद काय, तर कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा, छोले. मराठी घरात यानंतर उरतं काय! सासूबाईंनी यादी वाचली आणि म्हणाल्या, "अगं, कांदा-लसणाशिवाय भाजीला चव कशी यायची?" त्यांना सांगितलं की लसणातली त्रास देणारी शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यांनी लगेच कढईत तेल तापवून ठेचलेल्या पाकळ्या टाकल्या, तांबूस झाल्यावर झाऱ्याने एकूण एक निथळून बाहेर काढल्या आणि त्याच तेलात जिरं-हिंग घालून पडवळाची भाजी केली. घरभर लसणाचा वास आणि ताटात लसूण नाही! कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग. पोळीऐवजी तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी. माझ्या सरावातला सर्वात मोठा वाटा सासूबाईंचा आहे, असं मी कुणालाही सांगते.

एकेक पदार्थ परत आणताना कळलं की गहू थोडा चालतो, कच्चा कांदा अजिबात नाही आणि दुधाचा चहा धावण्याआधी घ्यायचा नाही. प्रत्येकाचं पोट वेगळं असतं, म्हणून माझी यादी कुणी उचलू नये आणि हा आहार जन्मभरही करू नये. त्याने खाणं उगाच आक्रसतं.

रविवारच्या लांबच्या धावेला मी मॅरेथॉनची रंगीत तालीम करत असे. उठायची वेळ तीच, खाणं तेच. धावण्याआधी अडीच-तीन तास मऊ भात, किंचित मीठ आणि चमचाभर तूप, मग कोमट पाणी आणि छोटा कप काळी कॉफी. कॉफीने मोठं आतडं जागं होतं, हे माझ्या बाबतीत वरदान ठरलं. घरातून निघण्याआधीच पोट साफ होऊ लागलं. आधीचे दोन दिवस कोशिंबिरी, उसळी, कोंड्याची भाकरी बंद. एरवी हे पदार्थ किती चांगले, पण त्या दोन दिवसांत चोथा कमीच हवा. धावताना दर अर्ध्या तासाला थोडं जेल, आधी निम्मं, मग हळूहळू पूर्ण. पहिल्या काही रविवारी मळमळलं, नंतर पोट सरावलं.

गटातल्या कुणीतरी धावण्याआधी वेदनाशामक गोळी घ्यायला सुचवलं होतं. डॉक्टरांनी साफ नकार दिला. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आतड्याच्या अस्तराला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात आणि शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना तर जास्तच. ही सवय धावणाऱ्यांमध्ये फार पसरली आहे, म्हणून ठळक सांगते.

मॅरेथॉनच्या दिवशी सीएसएमटीहून पहाटेच्या अंधारात निघालो. आझाद मैदानात शौचालयांपुढे लांब रांगा होत्या, तरी मी रांगेत उभी राहिलेच. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली छान गेलं. सी लिंकवर वारा होता, उजाडत होतं आणि पोट शांत. साडेपाच किलोमीटरच्या त्या पुलावर आडोसा कुठेच नाही, त्यामुळे तिथली शांतता मला फार मोलाची वाटली.

माहीमला ऊन लागलं आणि गुडगुड सुरू झाली. शिवाजी पार्कच्या पुढे कळ आली, तीच जुनी, बेंबीखालची. मी धावणं थांबवून चालायला लागले. चाललं की आतड्याला रक्त परत मिळतं, हे माहीत होतं. जेल बंद केलं, ओआरएसचे छोटे घोट घेतले आणि पोटातून लांब श्वास घेत राहिले. पुढचं शौचालय दिसलं तिथे सरळ गेले. पुढे तीन जणी होत्या. शेजारून माणसं धावत जाताना रांगेत उभं राहणं जड जातं. तेव्हा ब्रिटनची मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफ आठवली. 2005च्या लंडन मॅरेथॉनमध्ये पोटात कळा आल्यावर ती भर रस्त्यात कडेला बसली, हजारो लोकांसमोर, टीव्हीवर. उठली, धावली आणि 2 तास 17 मिनिटं 42 सेकंदांत जिंकली. तिला थांबायची लाज वाटली नाही, तर मला का वाटावी?

बाहेर आले तेव्हा पाय थंडावले होते, पण पोट हलकं होतं. वरळी चालत-धावत काढलं. पेडर रोडचा परतीचा चढ पस्तिसाव्या किलोमीटरनंतर येतो. तिथे एक आजी घरासमोर परात घेऊन उभ्या होत्या, संत्र्याच्या फोडी आणि मीठ. संत्र्याला मी हात जोडले, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. "पोट दुखतंय का गं? हळू जा, पण जा," त्या म्हणाल्या. चढ पूर्ण चालले आणि उतारावर परत धावायला लागले. मरीन ड्राइव्हवर अजून एकदा कळ आली, एवढी नाही. ठरवलेल्या वेळेपेक्षा बरीच उशिरा, पण धावत, मी शेवटची रेषा ओलांडली. दुपारी घरी ताकभात खाल्ला आणि तो पचला.

त्यानंतरच्या रविवारी गटात मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. क्षणभर शांतता, मग एकीने कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) असल्याचं सांगितलं, दुसरीने पाळीच्या दिवसांतले जुलाब. आता आम्ही बायकांनी मिळून एक यादी केली आहे: येऊर, उपवन, तलावपाळी आणि घोडबंदर रोड या मार्गांवर पहाटे कुठला पेट्रोल पंप, कुठलं सार्वजनिक शौचालय उघडं असतं, कुठे पाणी असतं, कुठे आतून कडी लागते. घोडबंदर रोडवर काही लांब टप्पे अजून रिकामे आहेत. महापालिकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा तयार आहे, सह्या गोळा होत आहेत.