जर्नलचं डावं पान: फर्स्ट इयरला प्रोग्रॅमिंग शिकवतानाचा माझा अनुभव

४७२ या संख्येतल्या अंकांची बेरीज १३. ती काढणारा प्रोग्रॅम शेवटचा अंक बेरजेत धरतो, संख्येला दहाने भागतो आणि हेच पुन्हा करतो. वीस जणांच्या बॅचमधल्या प्रत्येक जर्नलात, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, आऊटपुट १३ असंच लिहिलेलं होतं, पट्टीने चौकट आखून. त्यातल्या सहा जर्नलांमधल्या प्रोग्रॅममध्ये मात्र भागाकाराला दोन तिरक्या रेघांऐवजी एकच रेघ होती. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन रेघांनी भागलं की पूर्णांकच उरतो, एका रेघेने भागलं की उत्तर दशांशात येतं. ४७२ चे ४७.२ होतात, मग ४.७२, मग ०.४७२, आणि संख्या शून्यापेक्षा मोठी आहे तोवर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी, फिरतच राहतं. तीनशेहून जास्त फेऱ्या झाल्यावर आकडा इतका लहान होतो की मशीन तो शून्य धरतं, आणि हा प्रोग्रॅम १४.४४ च्या आसपासचं उत्तर छापतो. म्हणजे त्या सहा पानांवरचं १३ मशीनने दिलेलं नव्हतं. ते मागच्या वर्षीच्या जर्नलातून आलं होतं.

मुलांवर मी चिडले नाही. चिडले ती जर्नलच्या फॉरमॅटवर, आणि तो राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पायथन बसवणं, मुलांना माऊस-कीबोर्डची सवय होणं, पहिला प्रिंट, टर्टल या पायथनच्या लायब्ररीतल्या कासवाने चौकोन काढणं, हे सगळं दोन आठवड्यांत होतं. त्यात अडकण्यासारखं काही नाही. एकच सांगते: कासवाचा प्रोग्रॅम सेव्ह करताना फाईलला टर्टल हे नाव देऊ देऊ नका. पायथन आपल्या लायब्ररीऐवजी तीच फाईल आत घेतो आणि ‘अर्धवट तयार झालेल्या मॉड्यूलमध्ये फॉरवर्ड नाही’ अशा अर्थाची एरर देतो. मुलं ओळीमागून ओळ तपासत बसतात, चूक मात्र नावात असते. रँडम या लायब्ररीच्या नावाचंही तेच.

आता जर्नल. आमच्याकडे प्रत्येक प्रॅक्टिकलला एम (उद्देश), अल्गोरिदम (पायऱ्या), फ्लोचार्ट, प्रोग्रॅम, आऊटपुट, कन्क्लुजन असा ठरलेला क्रम आहे. सगळं हाताने लिहायचं. सेमिस्टरला बारा प्रॅक्टिकल, प्रत्येकाची पाचेक पानं. जर्नल सर्टिफाइड नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे मुलांच्या लेखी प्रॅक्टिकल म्हणजे सही. दोन तासांच्या बॅचमध्ये वीस जर्नलं, प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी चाळीस मिनिटं मान खाली घालून सह्या करण्यात जातात. ज्या वेळात एखाद्या मुलीच्या मागे उभं राहून ‘ही ओळ का लिहिलीस?’ असं विचारायचं, तो वेळ हाच.

पण वेळ गेला याचं मला तितकं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की हा फॉरमॅट शिकण्याची नेमकी जागा झाकून टाकतो. नवशिक्या मुलाला प्रोग्रॅम येऊ लागतो तो ‘मला वाटलं होतं असं, मशीनने केलं तसं’ या फरकातून. फॉरमॅटमध्ये त्या फरकाला रकानाच नाही. तिथे फक्त शेवटचा बरोबर प्रोग्रॅम आणि शेवटचं बरोबर उत्तर. फ्लोचार्ट आधी काढायचा असतो, पण मुलं प्रोग्रॅम लिहून झाल्यावर त्यावरून काढतात. एरर आली तर ती खोडून टाकण्याची गोष्ट होते.

हे आजचं नाही. टर्बो सी++ च्या निळ्या स्क्रीनच्या काळातल्या जर्नलांमध्येही फॅक्टोरियलच्या (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराच्या) प्रॅक्टिकलला ८ चं उत्तर ४०३२० लिहिलेलं सापडतं. त्या कंपायलरमध्ये साधा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटांचा. त्यात ३२७६७ च्या पुढे आकडा मावत नाही. इंट घेऊन ८ चं फॅक्टोरियल काढलं की स्क्रीनवर उणे २५२१६ यायचं. केवढा चांगला धडा होता तो, मेमरी म्हणजे काय हे एका आकड्यात समजलं असतं. पण पानावर ४०३२० लिहिलं आणि सही झाली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी एका पानाचा अर्ज दिला. मागणं एवढंच: कन्क्लुजनऐवजी ‘अंदाज’, ‘ड्राय रन’ (प्रोग्रॅम कागदावर हाताने चालवून बघणं) आणि ‘आलेली एरर’ असे तीन रकाने घालू द्यावेत. एचओडींनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, तो ‘योग्य मार्गाने’ पुढे पाठवायला सांगितला. ऑफिसने दोन प्रती मागितल्या, मग जुन्या आणि नव्या फॉरमॅटचा तुलनात्मक तक्ता मागितला, मग इतर विभागांचं मत घ्यायला सांगितलं. ऑगस्ट गेला. सप्टेंबरमध्ये फाईल शेरा घेऊन परत आली: चुका लिहिलेलं जर्नल एक्स्टर्नलना (बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना) दाखवणं योग्य दिसेल का? मी उत्तर लिहिलं की केमिस्ट्रीच्या जर्नलात टायट्रेशनची पहिली, दुसरी, तिसरी रीडिंग लिहितात, फक्त सरासरी लिहीत नाहीत. त्या उत्तराची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. ऑक्टोबरमध्ये कळलं की विषय पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या बैठकीत घेतला जाईल. तोवर सेमिस्टरच संपतं.

जो कुणी अशा अर्जाच्या विचारात असेल त्याने ‘फॉरमॅट बदलण्याबाबत’ असा विषय लिहू नये. बदल म्हटलं की तो समितीकडे जातो. ‘पूरक नोंदी घेण्याबाबत’ असं लिहिलं असतं तर कदाचित विभागाच्या पातळीवर सही झाली असती. हे मला एका जुन्या लॅब असिस्टंटनी सांगितलं, आणि त्यांनीच पुढची वाटही दाखवली. आपलं जर्नल सायन्सचं असतं: उजवं पान आखीव, डावं कोरं. डावं पान आकृत्यांसाठी. फॉरमॅट उजव्या पानाचा ठरलेला आहे. डाव्या पानाबद्दल कुठेही एक शब्द नाही.

तिसऱ्या प्रॅक्टिकलपासून मी डावं पान वापरायला लावलं. मशीन सुरू करण्याआधी अंदाज पेनने लिहायचा. पेन्सिल नको, कारण पेन्सिलीचा अंदाज आऊटपुट आल्यावर बदलतो. मग ड्राय रनचा तक्ता: प्रत्येक व्हेरिएबलला (किंमत ठेवायच्या नावाच्या डब्याला) एक रकाना, लूपच्या प्रत्येक फेरीला एक ओळ. वरचाच प्रोग्रॅम घेऊ. पायथनमध्ये व्हेरिएबलला मराठी नाव चालतं, म्हणून सुरुवातीला तशीच नावं देते:

फेरी १: शेवट २, बेरीज २, संख्या ४७
फेरी २: शेवट ७, बेरीज ९, संख्या ४
फेरी ३: शेवट ४, बेरीज १३, संख्या ०

चौथी फेरी होत नाही, कारण संख्या शून्य झाली. ही शेवटची नोंदसुद्धा लिहायचीच, ‘अट खोटी’ म्हणून. लूप कधी थांबतं हे ज्यांना कळत नाही त्यांचा तक्ता नेहमी एका ओळीने कमी किंवा जास्त असतो. तक्त्याकडे नजर टाकली की दहा सेकंदांत कळतं कुठे अडलंय. लिहून आणलेल्या प्रोग्रॅमकडे दहा मिनिटं पाहूनही ते कळत नाही.

नंतर एररचा रकाना. मेसेज जसाच्या तसा, ओळीचा नंबर, आणि काय बदललं. ‘सिंटॅक्स एरर आली, दुरुस्त केली’ एवढं चालत नाही. यासाठी लॅबमध्ये पायथन ३.१० किंवा त्यापुढचं असेल तर फार फरक पडतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये कंस बंद करायचा राहिला तर एरर बहुधा पुढच्या ओळीवर दिसायची, आणि मूल बरोबर असलेली ओळ बिघडवायचं. ३.१० पासूनच्या एरर कंस कुठे उघडला आणि बंदच झाला नाही हे सरळ सांगतात, नाव चुकीचं टाइप केलं तर ‘हे म्हणायचं होतं का?’ असंही विचारतात. ज्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ आहे तिथे ३.८ च्या पुढचं पायथन चालत नाही. तिथे ‘पुढच्या ओळीची एरर आली तर आधीची ओळ बघ’ असं फळ्यावर लिहून ठेवावं लागतं.

व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून प्रोग्रॅम चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार येतात आणि पायथन ते घेत नाही. डोळ्याला फरक दिसत नाही. पहिल्या महिन्यात चिकटवणं पूर्ण बंद, हाताने टाइप करायचं.

डाव्या पानाची चौथी नोंद मी नंतर वाढवली: एक बदल. चालणारा प्रोग्रॅम घेऊन त्यातली एकच गोष्ट बदलायची आणि काय होईल ते आधी लिहायचं. दोन रेघांची एक रेघ केली तर? लूपची सुरुवात शून्याऐवजी एकपासून केली तर? इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स यांनी शाळांसाठी अंदाज, रन, शोध, बदल, नवीन निर्मिती असा क्रम मांडला आहे, प्रिम या नावाने तो ओळखला जातो. माझ्या अनुभवात यातला अंदाज सगळ्यात आधी गाळला जातो, आणि तोच गाळता कामा नये.

सह्यांचा प्रश्नही यातूनच सुटला. डाव्या पानाची सही त्याच दिवशी, मशीनजवळ उभं राहून, तीही अंदाज लिहिल्यावर आणि रन करण्याआधी. उजव्या पानाच्या सह्या आठवड्याच्या शेवटी एकत्र. मागच्या वर्षीचं जर्नल आणून डावं पान उतरवता येत नाही, कारण मी प्रत्येकाला वेगळा आकडा देते: रोल नंबरच्या पुढे जन्मतारखेतला दिवस. रोल नंबर १४ आणि २३ तारीख असेल तर १४२३. उत्तर वेगळं, तक्ता वेगळा.

बरोबरच्या (=) चिन्हाबद्दल सांगायचं राहिलं, ते खरं तर पहिल्या तासाला हवं. गणितात ‘बरोबर’ वाचायची बारा वर्षांची सवय असते. मी ती ओळ उजवीकडून डावीकडे, ‘मध्ये ठेव’ असं मोठ्याने वाचायला लावते. अ मध्ये ५, ब मध्ये ७. अदलाबदल करताना मुलं लिहितात: ब ची किंमत अ मध्ये ठेव, अ ची किंमत ब मध्ये ठेव. ड्राय रन केला की दोन्हीकडे ७ येतात आणि ५ कुठेच उरत नाही. तिसरा डबा का लागतो हे मग सांगावं लागत नाही.

इनपुटचंही तसंच. ५ आणि ७ घेऊन बेरीज ५७ आली की मुलांना वाटतं मशीन बिघडलं. इनपुट नेहमी अक्षरं देतो, आकडा नाही. त्याला इंटमध्ये घातल्याशिवाय बेरीज होत नाही, जोडणी होते. कुणी मराठी आकड्यांत ५ टाइप केला तरी इंट तो नीट वाचतो. प्रोग्रॅमच्या ओळीत मात्र मराठी आकडा लिहिला तर एरर येते. नाव मराठी चालतं, आकडा नाही, हे एकदा दाखवून द्या.

परीक्षेला आलेल्या एक्स्टर्नलनी व्हायवाचे (तोंडी परीक्षेचे) प्रश्न डाव्या पानावरूनच विचारले. ‘इथे तुझा अंदाज २० होता, आले १९, का?’ असा प्रश्न त्यांनी एका मुलाला विचारला, आणि त्याने लूपला दिलेल्या रेंजचा (आकड्यांच्या पट्ट्याचा) शेवटचा आकडा धरला जात नाही हे स्वतःचा तक्ता दाखवून सांगितलं. सहा ओळींचं उत्तर, एकदाही न अडखळता. मला फार समाधान वाटलं.

फाईल अजून ऑफिसातच आहे. पुढच्या वर्षी हे करणार असाल तर जूनमध्येच स्टेशनरीवाल्याला सांगून ठेवा: जर्नल डावं पान कोरं असलेलंच हवं. दोन्ही बाजूंनी आखीव जर्नल थोडं स्वस्त मिळतं, कॉलेजच्या सोसायटीत तेच आणून ठेवतात, आणि एकदा मुलांनी ते विकत घेतलं की दुसरं घ्या म्हणून सांगता येत नाही.