पाळणाघर ते ब्युरो : आमची वाटचाल

पुण्यात वडगाव बुद्रुकला आमचं पाळणाघर होतं. जागा बेताची, मुलं दहा-बारा, आणि सांभाळायला मी व दोन मावश्या. २०१७ साली प्रसूतीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि आमच्याकडे येणाऱ्या फोनांची वेळच बदलली. पूर्वी बाळ तीन महिन्यांचं होत आलं की आई चौकशीला यायची, आता सहाव्या महिन्यात येऊ लागली. विचारणाही वेगळी : "ताई, घरी येऊन सांभाळेल अशी कोणी आहे का हो?" सकाळी आठला हिंजवडीकडे निघून रात्री आठला परतणाऱ्यांना आमचं सहाला बंद होणारं पाळणाघर पुरणार कसं? मावश्यांच्या ओळखीतल्या बायका मी अशा घरांत पाठवू लागले. आधी नड म्हणून, मग त्याचाच धंदा झाला, घरी बाळ सांभाळणाऱ्या बायका पुरवणारा ब्युरो. दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देऊन भागलं. पाटी रंगवून घ्यायला त्याहून जास्त वेळ गेला.

पहिलाच प्रश्न आला तो पैसे कोणाकडून घ्यायचे हा. या धंद्यात बाईच्या रोजातून दर पाळीमागे कट घ्यायची पद्धत सर्रास आहे. काही एजंट तर तिचं मूळ आधार कार्डही ठेवून घेतात, म्हणजे तिनं मध्येच काम सोडू नये. आम्ही ठरवलं, बाईकडून काही घ्यायचं नाही. बाळाच्या घरच्यांनी एकदाच अर्ध्या महिन्याचा पगार आम्हाला द्यायचा, आणि तिचा पगार दर महिन्याला थेट तिच्या खात्यात टाकायचा. आमच्याकडे तिच्या कागदांची फक्त झेरॉक्स राहते. यात मोठेपणा काही नाही. महिन्याच्या महिन्याला कट जाऊ लागला की दोन-तीन महिन्यांत बाई आणि मॅडम परस्पर जमवून घेतात आणि ब्युरोला कळतही नाही. माझ्या नवऱ्याच्या मते हा हिशेब धंद्याचा नाही. ब्युरो वाढायला लागलेली वर्षं बघता त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

काम मागायला येणाऱ्या बहुतेकींचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मला तसं काही येत नाही, घरीच होते." ही बाई दोन मुलं वाढवून, जावेचं बाळंतपण काढून आणि नातवंडाला अंघोळ घालून आलेली असते. म्हणून आम्ही अनुभव किती वर्षांचा हे विचारतच नाही. आम्ही विचारतो, बाळ झोपेतून किंचाळत उठलं तर तुम्ही आधी काय बघाल? एक म्हणाली, "लंगोट बघीन, मग पोट, मग कपड्यात मुंगी बिंगी आहे का ते." हे उत्तर मला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त सांगतं. जी ताबडतोब "दूध देईन" म्हणते तिला आम्ही नाही म्हणत नाही, पण शिकवणीला आधी बसवतो.

शिकवणी आमच्या जुन्या पाळणाघराच्याच खोलीत होते. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. बाळाला झोपवताना उताणं झोपवायचं. कितीही रडलं तरी गदागदा हलवायचं नाही. घशात काही अडकलं तर हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा कशा मारायच्या, हे बाहुलीवर करून घेतो. आईनं काढून ठेवलेलं दूध खोलीत चार तास टिकतं म्हणतात ते साधारण २५ अंशांच्या खोलीचं गणित. एप्रिलच्या पुण्यात ते धरून चालू नये, सरळ फ्रीजमध्ये ठेवावं. आता आई कामावर परतते त्याच सुमाराला बाळाचं वरचं खाणं सुरू होतं, त्यामुळे नाचणीचं सत्त्व आणि मऊ खिमट येणं हे बाईच्या कामातच धरलं जातं.

खरी कसोटी मात्र असते ती घरातल्या आजींची. आईला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की घुटी नको, कानात तेल नको, काजळ नको. आजींनी तर याच सगळ्यावर तीन पोरं वाढवलेली असतात. मधे सापडते ती मावशी. सून ऑफिसला गेली की सासूबाई म्हणतात, "चाटव गं थोडंसं." म्हणून बाळाच्या पोटात काय जायचं हे आईनं लिहून फ्रीजवर लावायचं, असा आमचा नियम. मावशीला एवढंच म्हणता यावं की आजी, कागदावर नाही हो. सगळ्या आजी ऐकतात असं नाही, पण निदान बोलणी मावशीला बसत नाहीत.

कागद आणखी एक असतो, कामाचा. बाळाचं काम म्हणजे बाळाचं खाणं, अंघोळ, कपडे, बाटल्या, खेळणी. घरातल्या सगळ्यांची भांडी त्यात येत नाहीत. बाळ झोपलं की "तेवढ्या पोळ्या लाटता का" हे सुरू होतं आणि महिन्याभरात ती पूर्ण वेळची स्वयंपाकीण झालेली असते. पोळ्या हव्या असतील तर हरकत नाही, त्याचे पैसे वेगळे लिहा. महिन्याच्या सुट्ट्या, दिवाळीचा बोनस, उशीर झाला तर रिक्षाचे पैसे, घरात कॅमेरा कुठे कुठे आहे, हे सगळं पहिल्या दिवसाआधी लिहिलं जातं. पोलीस पडताळणी घरच्यांनी करून घ्यायची. कोणाला हा कागद फार वाटतो. ज्यांना वाटतो, त्यांच्याकडे आम्ही पाठवत नाही.

आणि आडनाव. फोनवर सगळं ठरतं, मग आवाज जरा खाली येतो : "आडनाव काय आहे त्यांचं?" काही जण तर सरळच विचारतात. ती मांसाहार करते की नाही, तुमच्या घरात काय चालतं, एवढंच आम्ही टिपतो. जातीचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही आणि तोंडी उत्तरही देत नाही. यापायी गेलेली गिऱ्हाइकं कमी नाहीत. आडनाव विचारणारी हीच माणसं पुढे तिच्या मांडीवर बाळ देणार आणि चहाचा कप तिचा वेगळा ठेवणार.

मार्च २०२० मध्ये सोसायट्यांनी गेट बंद केले आणि एका दिवसात आमचं काम थांबलं. काही घरांनी पगार चालू ठेवला, बऱ्याच घरांनी नाही. पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, सरकारनं नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले. आमच्याकडच्या बहुतेकींची नोंदणीच नव्हती. २००८ च्या कायद्यानं कल्याण मंडळ आहे, हे मी कितीदा सांगून पाहिलं होतं, पण रोज बुडवून कामगार कार्यालयात कोण जाणार? शेजारणीच्या खात्यात पैसे आले तेव्हा सगळ्या एकदम फॉर्म मागायला आल्या. आता नवीन बाईचा फॉर्म आम्हीच भरून देतो.

लॉकडाऊन सरला तरी घरून काम राहिलं, आणि त्यानं मावश्यांचं काम सोपं न होता उलट अवघड झालं. आई दाराआड मीटिंगमध्ये, पोर दारावर थापा मारतंय, आणि मावशी त्याला उचलून गॅलरीत कावळे दाखवतेय. अशा घरांना आम्ही सुचवतो, सकाळची वेळ बाळाला बागेत नेण्यासाठी ठेवा.

काम हवं असेल तर रविवार सोडून दुपारी बारा ते चार या. येताना आधार कार्ड, दोन फोटो आणि ओळख सांगणाऱ्या दोघांचे फोन नंबर आणा. वय अठरा पूर्ण हवं, लिहिता-वाचता आलं तर बरं, नाही आलं तरी चालेल. लहान मूल असेल तर बरोबर घेऊन या, खेळणी आहेत.