उरलेल्या टेपवर

परवा दुपारी माळ्यावरची सुटकेस काढायला चढलो. माळ्यावर चढलेला माणूस ज्या वस्तूसाठी चढला तीच घेऊन खाली आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मीही बुटांचं खोकं घेऊन उतरलो. आत वीसेक सीड्या होत्या. बहुतेक लग्नांच्या, आणि कोणाची कुठली ते लिहिलेलं नाही. तळाशी एक जाड डबी सापडली. द फॉल या इंग्लिश रॉक बँडची, '५०,००० फॉल फॅन्स कान्ट बी राँग'.

हे नाव मला अजूनही गुदगुल्या करतं. १९५९ साली एल्व्हिसच्या गाजलेल्या गाण्यांची एक रेकॉर्ड निघाली होती. पाच कोटी चाहते चुकीचे कसे असतील, असा तिच्या नावाचा रुबाब. २००४ साली मँचेस्टरच्या या मंडळींची पंचवीस वर्षांतली गाणी निवडून दोन तबकड्या निघाल्या, तेव्हा तेच नाव उचललं आणि फक्त तीन शून्यं पुसली. पाच कोटींचे पन्नास हजार. वर मिजास अशी, की खाली 'एकोणचाळीस गोल्डन ग्रेट्स' असंही छापलंय. सोन्याचं म्हणाल तर ब्रिटनच्या पहिल्या चाळीस गाण्यांत हा बँड उभ्या आयुष्यात तीनदा पोचला, १९८७, १९८८ आणि १९९२ साली, आणि त्यातल्या पहिल्या दोन्ही वेळा दुसऱ्याचं गाणं घेऊन.

आता सीडी लावायची कशावर? घरातला प्लेअर कधीच भंगारात गेला. नव्या लॅपटॉपला ती फटच नसते. राहिली खाली पार्किंगमध्ये उभी असलेली आमची जुनी गाडी. सीडी गिळण्याची सोय आता घरात तेवढ्या एकाच यंत्राला आहे. चावी घेतली तर आतून आवाज आला, "अरे, सुटकेस?" मी "आलोच" म्हटलं. भर दुपारी, काचा वर करून, गाडी कुठंही न नेता मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिलो.

द फॉल ऐकताना पहिल्यांदा वाटतं, टेप बिघडलीय. गिटार एकच चार सुरांचा तुकडा घेऊन बसते आणि सोडत नाही. ड्रम मागून ढकलत राहतो. आणि वर मार्क ई. स्मिथ. हा माणूस गातो असं म्हणणं धाडसाचं आहे. एसटी स्टँडवर फलाट क्रमांक सांगणाऱ्या माणसाला कोणीतरी नुकतंच दुखावलंय आणि तो तरीही घोषणा करतोय, असा तो आवाज. ओळीच्या शेवटच्या शब्दाला एक 'अ' चिकटवायची खोड. सकाळी आमच्या गल्लीत येणारा भाजीवाला कोथिंबिरीला लावतो तसाच. अगदी सुरुवातीला, १९७८ साली, त्यांनी एक गाणंच केलं ते पुनरावृत्तीवर. तेच ते आणि तेच ते. पाढे म्हणत मोठे झालेल्या माणसाला त्यात न कळण्यासारखं काही नाही. मला कळायला मात्र वीसेक वेळा ऐकावं लागलं.

ही डबी मला मिळाली मँचेस्टरमध्येच. २००६ साली ऑफिसनं आठ महिन्यांसाठी पाठवलं होतं. खोली घेतली प्रेस्टविचला, कारण भाडं कमी आणि बरीची ट्राम थेट. (स्पेलिंग बरी, उच्चार बेरी. पहिले पंधरा दिवस मी 'बरी' म्हणायचो आणि लोक 'बरं' म्हणून सोडून द्यायचे.) निघायच्या दिवशी ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं पेपरात गुंडाळून ही डबी हातात दिली आणि म्हणाला, "हा तुझ्याच भागात राहतो." म्हणजे आठ महिने मी आणि मार्क ई. स्मिथ एकाच उपनगराच्या पावसात भिजलो. एकाच दुकानातून दूधही घेतलं असेल. मला पत्ता नव्हता. त्याला असण्याचं कारण नव्हतं.

विमानात त्या डबीबरोबरची पुस्तिका वाचली. सुरुवातीच्या काळात हा माणूस गोदीत कारकून होता. हे वाचून मला एकदम अप्पा आठवले. अप्पा पाटबंधारे खात्यात कारकून, आणि आमच्या घरातलं पहिलं 'निवडक' त्यांनीच केलं.

गाव लहान. बाजारपेठेत एक कॅसेटचं दुकान, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तिथं कॅसेट भरून मिळायची. आपण गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, आणि चार दिवसांनी यायचं. अप्पांनी लग्नपत्रिकेच्या पाठीमागं यादी केली. दोन रात्री केली. नाट्यगीतं इकडे, भावगीतं तिकडे, प्रत्येक गाण्यापुढं गायकाचं नाव, आणि शेवटी खात्यातल्या सवयीनं खाली सही. नव्वद मिनिटांची टीडीके मी स्वतः नेऊन दिली. कॅसेट आणताना सायकलच्या हँडलला पिशवी न लावता ती शर्टात धरून आणली, ऊन लागेल म्हणून.

पहिली बाजू संपता संपता घोटाळा झाला. शेवटचं नाट्यगीत. गायकानं तान घेतली, ती वर चढली, आणखी वर, आणि खट्. टेप संपली. तान वर गेली ती गेलीच. अप्पांनी "च्यक्" केलं आणि बाजू बदलली. पुढं किती वर्षं ती कॅसेट वाजली, आणि प्रत्येक वेळी आम्ही सगळे त्या जागेला मनातल्या मनात 'खट्' म्हणायचो. पुण्याला आल्यावर एकदा ते गाणं मी पूर्ण ऐकलं. तान खाली येते, सम गाठते, लोक वाहवा करतात. मला अगदीच उरकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या बाजूची गोष्ट उलटी. तिकडं यादी संपूनही अडीच-तीन मिनिटं टेप उरली होती. उरलेली टेप कोरी देणं त्या दुकानदाराला पटेना, म्हणून त्यानं आपल्या पसंतीचं एक गाणं टाकून दिलं. अप्पांच्या गंभीर यादीच्या शेपटाला एकदम ढोलकी. आई पदर तोंडाला लावून हसायची. अप्पा दर वेळी उठून बंद करायचे, पण जरा सावकाश उठायचे. आज त्या कॅसेटमधलं मला शब्दन् शब्द येणारं गाणं कुठलं, तर ते न मागितलेलं.

तर 'निवडक' या प्रकाराबद्दल माझं मत असं बनत गेलं. निवडणाऱ्याचा हात त्यात दिसला पाहिजे. चुकला तर फारच उत्तम.

द फॉलचं निवडक करणं हा तर उद्योगच वेडा. चाळीस वर्षांत साठाहून जास्त माणसं या बँडमध्ये येऊन गेली. कायम राहिला तो एकटा स्मिथ. स्टीव्ह हॅन्ली नावाचा बेस वाजवणारा १९७९ ते १९९८ टिकला, म्हणजे तिथल्या हिशेबात खडकच. बाकीच्यांना स्मिथ काढून टाकायचा, पुन्हा बोलवायचा, पुन्हा काढायचा. कार्यक्रम चालू असताना त्यांच्या अँप्लिफायरची बटणं जाऊन फिरवायचा. एका पत्रकारानं तर सगळ्या माजी सदस्यांना शोधून काढायचा ध्यास घेतला आणि त्याचं पुस्तक झालं. स्मिथचं स्वतःचं म्हणणं असं, की मी आणि तुमची आजी बोंगो घेऊन उभे राहिलो तरी तो द फॉलच. आमच्या गावच्या लग्नाच्या बँडमध्येही दर हंगामाला माणसं बदलायची, पण लाल कोट तेच राहायचे. नव्या पोराच्या बाह्या बोटांपर्यंत यायच्या, आणि क्लॅरिनेटवाले मालक तेवढे मापात. इथं कोटही नाहीत.

बीबीसीचा जॉन पील हा यांचा सगळ्यात मोठा चाहता. १९७८ पासून २००४ पर्यंत त्यानं आपल्या रेडिओ कार्यक्रमासाठी या बँडची चोवीस सत्रं ध्वनिमुद्रित करून घेतली. लोक त्याला पत्रं लिहायचे, द फॉलचं एक गाणं ऐकलं, आता कुठला अल्बम घेऊ? पील न अडखळता सांगायचा, सगळे घ्या. ज्याला यातले पाच सर्वोत्तम सांगता येतात त्याला मुद्दाच कळला नाही, असं त्याचं म्हणणं. हे निवडक निघालं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पील गेला.

मी 'सगळे' घेतले नाहीत. एकही घेतला नाही. तीसहून जास्त अल्बम आहेत, सगळे फोनवर आहेत, लेक दोन बोटांत काढून दाखवते. पण मला या एकोणचाळीसांचा क्रम पाठ झालाय. एक संपलं की दुसऱ्याची सुरुवात आधीच कानात वाजायला लागते. मूळ अल्बममध्ये त्या गाण्यामागं भलतंच काहीतरी येतं आणि शेजारचं दार चुकून उघडल्यासारखं होतं. यातलंच एक गाणं तिकडं मोटारीच्या जाहिरातीत वाजलं होतं. त्यांची व्हॉक्सहॉल कोर्सा म्हणजे आपल्याकडं ओपल कोर्सा म्हणून आली ती. मेव्हण्याकडं होती. त्याला हे मी तीनदा सांगितलंय, त्यानं तीनदा "हो का" म्हटलंय.

निवडक २००३ पर्यंत येऊन थांबतं. बँड पुढं चौदा वर्षं चालला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोला शेवटचा कार्यक्रम झाला. स्मिथ चाकाच्या खुर्चीत बसून गायला. जानेवारी २०१८ मध्ये गेला, साठ वर्षांचा. त्या शेवटच्या काळातलं मी काही ऐकलेलं नाही. ऐकायला कोणी अडवलेलं नाही. पण बोट पुढं जातं आणि थांबतं.

पहिली तबकडी संपली. गाडीत भट्टी झाली होती. वॉचमननं काचेवर टकटक करून विचारलं, "साहेब, बरं वाटत नाही का?" मी "गाणी ऐकतोय" म्हटलं. त्यानं गाडीत डोकावून आणखी कोणी आहे का ते पाहिलं आणि गेला.

दुसरी तबकडी लावायला डबी पुन्हा उघडली. तिच्या खाचेत दुसरी तबकडी होती खरी, पण तिच्यावर गणपती होता. आरती संग्रह. सुखकर्ता ते मंत्रपुष्पांजली, सगळं एका तबकडीत. ही आरत्यांची सीडी आम्ही कितीतरी गणपती शोधतोय. वहिनींनी नेली आणि परत केली नाही, असं बायकोनं ठाम धरून ठेवलंय, आणि त्यावरून दर भाद्रपदात एकदा विषय निघतो.

सीडी घेऊन वर आलो, तिच्यासमोर ठेवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पण डबी तर त्यांनी नेली होती. मी स्वतः दिली होती हातात."

आम्ही दोघं गप्प बसलो. मोरया मोरया करून, निरांजन लावून, पाहुणे जमलेले असताना वहिनींनी ती डबी उघडून प्लेअरमध्ये काय लावलं असेल, हे दोघांच्याही डोळ्यांपुढं आलं असणार. एवढ्या वर्षांत वहिनींनी त्याबद्दल एक अक्षरही काढलेलं नाही.